एटीव्हीचं ब्रेक ऑइल बदललं, तरी लिव्हर मऊच? मास्टर सिलिंडर घेण्याआधी हे वाचा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की एटीव्हीचं (आडवाटेवर चालणाऱ्या, हँडलच्या चारचाकी गाडीचं) ब्रेक ऑइल काळं पडलं होतं म्हणून तुम्ही ते स्वतःच बदललं, पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली, पण लिव्हर अजून मऊ लागतो आणि जवळजवळ मुठीला टेकतो. भराभर तीन-चार वेळा दाबला की मात्र कडक होतो. गॅरेजवाला मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा हँडलवरचा पंप) बदलायला सांगतोय.

थांबा जरा. लिव्हर दाबून तसाच धरून ठेवा. तो हळूहळू आत सरकत गेला, तर आतलं रबर गेलंय किंवा कुठेतरी गळती आहे, आणि मग गॅरेजवाल्याचं बरोबर. पण पंप केल्यावर कडक होतो आणि धरल्यावर तिथेच राहतो, म्हणजे मास्टर सिलिंडर आपलं काम करतोय. हवा लाइनमध्ये अडकली आहे, नाहीतर पॅड डिस्कपासून लांब राहताहेत. दुसरी शक्यता लगेच तपासता येते. चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवून बघा. बेअरिंग ढिलं असेल किंवा डिस्क वाकडी असेल, तर ती पॅडना मागे ढकलते आणि पहिला दाब ते अंतर भरण्यातच जातो. तसं काही नसेल तर हवाच.

आता एटीव्हीत ही हवा कुठे दडते ते सांगतो, कारण मोटरसायकलची सवय असलेले लोक इथेच फसतात. पहिली जागा कॅलिपर, म्हणजे चाकापाशी डिस्कवर पॅड दाबणारा भाग. हवा नेहमी वर चढते, म्हणून ब्लीडर (हवा बाहेर सोडण्याचा पोकळ स्क्रू) कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला असायला हवा. काही गाड्यांचे पुढचे डावे-उजवे कॅलिपर एकमेकांच्या जागी बिनतक्रार बसतात. कधी पॅड बदलताना कुणी अदलाबदल केली असेल, तर ब्लीडर खाली जातो आणि वरच्या पोकळीतली हवा कितीही लिटर ऑइल ओतलंत तरी बाहेर येत नाही. बघायला एक मिनिट लागतं, आधी हेच बघा. ब्लीडर मूळ रचनेतच तिरका असेल, तर कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवून ब्लीडर वर येईल असा हातात धरा आणि मग हवा काढा. पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी धरायला विसरू नका, नाहीतर पिस्टन बाहेर उडी मारेल.

दुसरी जागा हँडलवर, मास्टर सिलिंडरला नळी जोडणारा बँजो बोल्ट. बऱ्याच गाड्यांत पूर्ण लाइनचा सर्वांत उंच बिंदू हाच. मास्टर सिलिंडरचा पिस्टन लहान, एका दाबात तो जेमतेम थोडंसं ऑइल ढकलतो, आणि नळी मात्र सस्पेन्शनच्या हालचालीला पुरेल इतकी लांब. बुडबुडा एका दाबात बोटभर खाली जातो आणि पुढचा दाब येईपर्यंत परत वर चढून बसतो. तुम्ही खाली चाकापाशी ऑइल काढत राहता आणि हा वर निवांत. यावर उपाय म्हणजे बँजोभोवती फडका गुंडाळा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट किंचित सैल करा, फुसकन हवा निघाली की घट्ट करा आणि मगच लिव्हर सोडा. बोल्ट कधी पूर्ण काढलाच, तर तांब्याचे वॉशर नवे घाला.

तिसरी जागा म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं बारीक भोक, ज्यातून लिव्हर सोडल्यावर ऑइल वरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत परत येतं. लिव्हर अगदी मिलिमीटर-दोन मिलिमीटर, टिचकी मारल्यासारखा हलवत राहा आणि टाकीत बघा. बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. ते थांबेपर्यंत हे करत राहा, कंटाळवाणं आहे पण फळ देतं. बाजारातला लिव्हर बसवला असेल, तर त्याला थोडा मोकळा खेळ आहे का हेही बघा. खेळ नसेल तर पिस्टन किंचित दाबलेलाच राहतो आणि हे भोक बंद होतं. मग हवा तर निघत नाहीच, वर तापून फुगलेल्या ऑइलला परतीची वाट नसते आणि चालत्या गाडीचे ब्रेक आपोआप धरायला लागतात.

एवढ्याने भागलं नाही, तर उलटी पद्धत वापरा. मोठ्या सिरिंजने ब्लीडरमधून नवं ऑइल खालून वर, टाकीकडे ढकलायचं. बुडबुड्याला वरच जायचं असतं, त्याला त्याच दिशेने नेणं शहाणपणाचं. फक्त ही युक्ती जुनं ऑइल पूर्ण धुऊन निघाल्यावरच करा, नाहीतर कॅलिपरमधला गाळ थेट मास्टर सिलिंडरमध्ये जाईल. टाकी भरून वाहणार नाही याकडेही लक्ष ठेवा. व्हॅक्युम पंपाचा मी फारसा चाहता नाही. तो ब्लीडरच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढतो, नळीत बुडबुड्यांची रांग लागते आणि माणूस नसलेली हवा काढत बसतो. लिव्हर रात्रभर बांधून ठेवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. शेवटच्या चिमूटभर हवेसाठी तो कधीकधी उपयोगी पडतो, पण बांधलेल्या अवस्थेत ते बारीक भोक बंद असतं, त्यामुळे सकाळी सोडल्यावर परत टिचक्या माराव्याच लागतात. ब्लीडर खाली असेल तर रात्रभर काय, आठवडाभर बांधून काही होणार नाही.

ऑइल बदलण्याच्या पद्धतीबद्दलही विचारलंय, तर त्यात मी जिथे अडून बसेन तेवढंच सांगतो. गाडी आधी धुवून वाळवा, टाकीभोवतीचा चिखल आत पडला तर सगळं मुसळ केरात. हँडल असं वळवा की टाकी समपातळीत येईल. झाकणाचे फुलीचे स्क्रू जपानी गाड्यांवर बहुधा जेआयएस (जपानी मानक) घडणीचे असतात, त्यात साधं फिलिप्स टोक नीट बसत नाही आणि डोकं झिजतं. योग्य टोक लावा, वरून हातोडीचा हलका ठोका द्या, मग फिरवा. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून घ्या, तळाचा गाळ पुसा, नवं भरा आणि मगच खाली ढकलायला लागा. हा गाळ पूर्ण लाइनमधून फिरवण्यात काय अर्थ आहे?

ब्लीडरवर आधी रिंग पाना, मग त्यावरून पारदर्शक नळी. नळी आधी वर जाऊन मग बाटलीत उतरेल अशी ठेवा आणि टोक ऑइलमध्ये बुडवा. दाबा, धरा, पाव फेरा उघडा, बंद करा, सोडा. बंद करण्याआधी लिव्हर सुटला की बाहेरचं आत आलंच. टाकी सारखी भरत राहा, पातळी भोकापर्यंत उतरली तर पहिल्यापासून सुरुवात. जुन्या मास्टर सिलिंडरवर लिव्हर पार मुठीपर्यंत दाबू नका. एरवी पिस्टन न पोचणाऱ्या भागात गंज आणि घाण असते, त्यावर रबर घासून खराब होतं. मग गॅरेजवाल्याचं भाकीत तुम्हीच खरं कराल. सहसा मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी घेतात, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा.

ब्लीडर अडला असेल तर जोर लावू नका. तो आतून पोकळ असतो, चटकन तुटतो. गंज सोडवणारं तेल मारून मुरू द्या, हलके ठोके द्या, सहाकोनी रिंगने आधी घट्ट करण्याच्या दिशेने जरासा हलवून मग सोडवा. रबरी टोपी नसेल तर नवी लावा. चिखलात फिरणाऱ्या गाडीत ती नसली की ब्लीडरचं भोक मातीने भरतं.

ऑइल कुठलं, तर टाकीच्या झाकणावर लिहिलेलं. बहुतेक ठिकाणी डॉट 4 (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत) असतं. त्याचा उत्कलनांक कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस आणि 3.7 टक्के पाणी शोषल्यावर 155 असावा, असं मानक सांगतं. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140. म्हणजे पाणी शोषलेलं डॉट 4 नव्या डॉट 3 च्याही खाली जातं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर ढिला पडतो. डॉट 5.1 ग्लायकॉलचंच आहे, चालेल. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. मॅन्युअल साधारण दोन वर्षांनी बदला म्हणतात. पाण्याचिखलात नेहमी जाणाऱ्यांनी वर्षातून एकदा बदलावं असं माझं मत. कपाटातली अर्धवट उघडी बाटली वापरू नका, ती हवेतला ओलावा ओढत बसलेली असते. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी ओता.

मागच्या ब्रेकला बऱ्याच गाड्यांत पार्किंग ब्रेकची यंत्रणा जोडलेली असते, हवा काढण्याआधी तिची केबल सैल करा.

शेवटी टाकीतला रबरी पडदा घडी नीट करून बसवा आणि वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरा, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून ओल येते का बघा, मग सपाट जागी चालण्याच्या वेगात दोन-चारदा ब्रेक मारा. हे सगळं करूनही मऊच राहिला, तर दोन्ही कॅलिपरचे बाजूने फोटो टाका, ब्लीडर आणि नळीचा जोड दोन्ही दिसतील असे.