गच्चीवरचे पत्रे

प्रश्न : वरच्या बिऱ्हाडाने सोसायटीच्या गच्चीवर पत्रे ठोकून खोली काढली. महापालिकेत तक्रार केली. माणूस येऊन फोटो काढून गेला. पुढे काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, फोटोने पत्रा हलत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली बेकायदा बांधकाम काढून टाकायची नोटीस निघाली का, ते विचारा. बांधकाम खात्यात नोकरी काढलीय, म्हणून खाचखळगे ठाऊक आहेत. नोटीस मिळाली की शेजारी कलम ४४ खाली बांधकाम नियमित करायचा अर्ज टाकतो आणि तो निकाली निघेपर्यंत हातोडा थांबतो. इथंच फाईल महिनोन्‌महिने झोपते! म्हणून सोसायटीचा लेखी विरोध आजच द्या, पोच म्हणून आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तोंडी तक्रार साहेबांच्या चहाबरोबर संपते.