वाचकांचे प्रश्न : दीडशे उपकरणांची तपासणी एकाच वेळी कशी करावी?

प्रश्न : फोंडा येथील एका सहकारी पतसंस्थेत मी संगणक विभाग सांभाळतो. वाळपई, पेडणे, काणकोण आदी शाखांतील राउटर, प्रिंटर आणि हजेरी यंत्रे मिळून १५० उपकरणांना दररोज सकाळी लिनक्सवरील बॅश स्क्रिप्टमधून (क्रमाने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमधून) एकामागून एक पिंग केले जाते, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहिले जाते. एरवी हे लवकर आटोपते. पण रात्री गडगडाटासह पाऊस होऊन वीज गेलेली असली, की शाखा उघडल्या तरी स्क्रिप्ट संपत नाही. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अँडचे चिन्ह लावून सर्व तपासण्या एकदम सोडल्या, तर निकाल एकमेकांत मिसळले आणि चालू असलेली काही उपकरणेही बंद दिसली. योग्य पद्धत कोणती? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या स्क्रिप्टचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. चालू उपकरण काही मिलिसेकंदांत उत्तर देते. दूरच्या शाखेतील बंद उपकरणाकडून मात्र काहीच येत नाही आणि मुदत ठरवून दिली नसेल, तर लिनक्सवरील पिंग एका पॅकेटच्या (पाठवलेल्या एका संदेशाच्या) उत्तरासाठीही सुमारे १० सेकंद थांबते. ६० उपकरणे बंद असतील, तर तेवढ्यातच १० मिनिटे जातात. म्हणून प्रथम मोठ्या डब्ल्यूच्या पर्यायाने ही मुदत २ सेकंदांवर आणावी. (मॅकवर हाच पर्याय मिलिसेकंदांत मोजला जातो, तेव्हा स्क्रिप्ट तशीच उचलून तेथे नेऊ नये.)

त्यानंतर पत्त्यांची यादी एक्सआर्ग्जला (यादीतील नोंदी घेऊन त्यांवर आज्ञा चालवणाऱ्या साधनाला) द्यावी आणि मोठ्या पीच्या पर्यायाने एका वेळी २० तपासण्यांची मर्यादा घालावी. एक तपासणी संपली की पुढची आपोआप सुरू होते, त्यामुळे सर्व १५० उपकरणे बंद असली तरी काम सुमारे १६ सेकंदांत उरकते. मर्यादा हवीच, कारण पुष्कळ राउटर पिंगच्या उत्तरांचा वेग मुद्दाम आवरून धरतात आणि एकदम आलेल्या चौकशांपैकी काही सोडून देतात. आपली चालू उपकरणे बंद दिसण्याचे कारण बहुधा हेच असावे.

निकाल मिसळतात, कारण प्रत्येक पिंग आपल्या ओळी थांबत थांबत छापते. पिंगचे छापील उत्तर टाकून देऊन केवळ तिचा निर्गम संकेतांक (आज्ञा संपताना देते तो आकडा) पाहावा आणि पत्ता व स्थिती अशी एकच ओळ एका दमात लिहावी. शेवटी सॉर्ट या आज्ञेने क्रम लावता येतो. उत्तर आले तर हा संकेतांक ० असतो, न आल्यास १ आणि अन्य चुकीसाठी २. यांतील १ आणि २ एकाच खात्यात टाकू नयेत, कारण यादीत नाव लिहिले असून त्याचा पत्ताच सापडला नाही, तरी २ येतो आणि उपकरण मात्र धडधाकट असते. शिवाय नावाचा पत्ता शोधण्याला आपली २ सेकंदांची मुदत लागू होत नाही. यादीत थेट आयपी पत्तेच लिहिणे बरे.

एकही तपासणी फसली तरी एक्सआर्ग्ज स्वतः १२३ हा संकेतांक देते. चूक दिसताच थांबण्याची सूचना आपण बॅशला दिलेली असेल, तर स्क्रिप्ट अहवाल लिहिण्याआधीच बंद पडेल.

माझ्या मते वेगाहून महत्त्वाचा आहे तो तपासणीचा क्रम. आधी केवळ शाखांचे राउटर तपासावेत आणि जे उत्तर देतील त्यांच्यामागचीच उपकरणे दुसऱ्या फेरीत घ्यावीत; अन्यथा काणकोणचा एक राउटर बंद पडला, तर अहवालात तेथील प्रत्येक प्रिंटर नादुरुस्त दिसेल आणि तंत्रज्ञ नाहक धावपळ करील.

केवळ पिंगच करायचे असेल, तर एफपिंग हे साधन एकाच प्रक्रियेतून पाळीपाळीने सर्वांना विचारते आणि वरील खटाटोपाचा बराच भाग वाचतो. हजेरी यंत्रावरील सेवा सुरू आहे का, हे मात्र पिंगवरून कळत नाही. त्यासाठी एक्सआर्ग्जच्या त्याच रचनेत पिंगच्या जागी नेटकॅट हे जोडणी करून पाहणारे साधन वापरून त्या सेवेचे पोर्ट (ती सेवा ज्या क्रमांकावर जोडणी स्वीकारते तो) तपासावे.