स्पीकरमधली घरघर: वाचकांचे प्रश्न

टीव्हीचा आवाज अॅम्प्लिफायरवर घेतल्यापासून स्पीकर सतत घरघरतो, गाणं लावलेलं नसलं तरी. अॅम्प्लिफायर गेला का? (दादर)

बहुधा नाही, त्यामुळे तो उघडायची घाई करू नका. आवाज शून्यावर आणा, सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबल आटे फिरवून सोडवा आणि आवाज पुन्हा वाढवा. घरघर थांबली, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा. केबलची बाहेरची जाळी गच्चीवरून किंवा जिन्यातून येते, तिथे तिचं वेगळं अर्थिंग असू शकतं. तुमच्या अॅम्प्लिफायरचं अर्थिंग तीन पिनांच्या प्लगातून येतं. दोन्हींत थोडा जरी फरक असला तरी जाळीतून करंट वाहतो आणि आपल्या विजेचे ५० हर्ट्झ स्पीकरमधून ऐकू येतात.

टीव्ही आणि अॅम्प्लिफायर दोघांनाही ऑप्टिकलची सोय असेल तर तीच वायर लावा. ती उजेडावर चालते, तांब्याचा संबंधच उरत नाही. नसेल तर आरसीए वायरच्या (लाल-पांढऱ्या पिनांच्या नेहमीच्या ऑडिओ वायरच्या) मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा, तो आवाज पुढे जाऊ देतो पण तांब्याचा जोड तोडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करा. केबलवर लावायचे आयसोलेटरही असतात, पण डिश असेल तर ते नकोत. डिशला वीज त्याच केबलमधून जाते, ती अडली की चित्रच जातं.

आणि हात जोडून सांगतो, प्लगाची जाड पिन तोडू नका. हा सल्ला कोणीतरी देतंच, आणि घरघर थांबतेही. पण उद्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर त्या पत्र्याला पहिला हात घरातल्याच कुणाचा तरी लागेल. केबल सोडवताना बोटाला झिणझिण्या आल्या तर गाणी बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा.

बाबांचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून काढला. गुणगुणतो, पण टोनआर्मला (सुईच्या दांड्याला) बोट लावलं की गप्प होतो. (गिरगाव)

निदान तुम्हीच केलंत! बोट लावता तेव्हा अर्थिंगचं काम तुमचं शरीर करतं. प्लेअरच्या मागे, दोन आरसीए पिनांच्या शेजारी, इंग्रजी यू आकाराच्या टोकाची एक बारीक वायर लोंबत असेल. ती अॅम्प्लिफायरच्या 'ग्राउंड' स्क्रूखाली घट्ट आवळा. टोक हिरवं पडलं असेल तर आधी पॉलिश पेपरने घासा. सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. शिवाय फोनो सर्किट, म्हणजे हा सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायरचा भाग, ५० हर्ट्झला मधल्या सुरांपेक्षा साधारण सातपट उचलतं, म्हणून इथे गुणगुण फार जाणवते. वायर जोडूनही थोडी उरली, तर प्लेअर अॅम्प्लिफायरवर न ठेवता हातभर दूर सरकवून बघा. अॅम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर सुईला जवळ चालत नाही.

पावसाळ्यात आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते. (मुलुंड)

दमटपणा आणि धूळ. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा थेट पोटेन्शिओमीटरच्या (बटणामागच्या फिरत्या भागाच्या) फटीत मारा, बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. खोबरेल किंवा मशीनचं तेल अजिबात नको, त्यावर धूळ चिकटते.

पंखा कमी केला की स्पीकर किरकिरतो, फुल केला की शांत. (ठाणे)

रेग्युलेटर जुन्या डिमर पद्धतीचा, सलग फिरणारा असणार. तो विजेची लाट मध्येच तोडतो, त्याची ही किरकिर. कपॅसिटरचा स्टेपवाला रेग्युलेटर बसवून घ्या, पंख्याची स्वतःची घूंघूंसुद्धा कमी होईल.