पीएचडीसाठी संख्याशास्त्र शिकताय? सुरुवात इथून करा

कुठलं सॉफ्टवेअर, हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. आधी संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहा. कोणती संख्याशास्त्रीय चाचणी लावायची ते त्यावरून ठरतं. डेटा गोळा करून झाल्यावर "आता यावर काय लावू?" असं विचारणं फार महागात पडतं.

मग या गोष्टी पक्क्या करा:

- प्रत्येक चलाचा (म्हणजे वय, गुण अशा मोजलेल्या गोष्टीचा) आलेख काढून बघा. न दिलेल्या उत्तरासाठी भरलेला ९९ तसाच राहिला, तर १ ते ५ च्या श्रेणीची सरासरी पार बिघडते.
- पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी म्हणजे परिणाम मोठा, असं नाही. इफेक्ट साइझ, म्हणजे परिणाम किती मोठा याचं माप, द्याच.
- एका वर्गातली मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एका वर्गात नवी अध्यापनपद्धत, दुसऱ्यात जुनी, आणि शिक्षक वेगवेगळे. मग गुणांतला फरक पद्धतीचा की शिक्षकाचा? मुलं ८० असली तरी वर्ग दोनच आहेत. शिक्षणशास्त्रात ही चूक सर्रास होते आणि नंतर कुठल्याही चाचणीने ती सुधारत नाही. जास्त वर्ग मिळतील का, हे आराखडा करतानाच मार्गदर्शकांशी बोलून घ्या.

मल्टिलेव्हल मॉडेल, फॅक्टर अ‍ॅनालिसिस वगैरे नंतर. गणित कच्चं असलं तरी घाबरू नका, जमेल तुम्हाला. आत्ता साधं रिग्रेशन (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायची पद्धत) घ्या, आणि आलेला प्रत्येक आकडा सहकाऱ्याला साध्या मराठीत समजावून सांगा.