प्रेरण की प्रवर्तन?

बडोद्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी गुजराती माध्यमात बारावी सायन्सला आहे. तिच्या पुस्तकात ‘विद्युतचुंबकीय प्रेरण’ (इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होणं) असतं, आणि मराठी शाळेत शिकलेले आजोबा त्यालाच ‘प्रवर्तन’ म्हणतात. खरं कोण?

दोघंही, आपापल्या भाषेत. मात्र मराठीत लिहाल तेव्हा ‘प्रवर्तन’च लिहा, असा माझा आग्रह आहे.

मराठी विज्ञानलेखनात ‘प्रेरणा’ हा शब्द फार आधी दुसऱ्याच कामाला लागला. फोर्सला आपण बराच काळ ‘प्रेरणा’ म्हणत आलो. अभिकेंद्री प्रेरणा (सेंट्रिपेटल फोर्स), विद्युत् चालक प्रेरणा (इलेक्ट्रोमोटिव्ह फोर्स) हे शब्द मराठी विश्वकोशात भेटतात. शालेय पुस्तकांत आता ‘बल’ असतं, पण जुनं वाचणाऱ्याच्या मनात ‘प्रेरणा’ आहेच. तिथे इंडक्शनलाही ‘प्रेरण’ म्हटलं, तर ‘प्रेरित विद्युत् चालक प्रेरणा’ असं काहीतरी लिहावं लागेल आणि विद्यार्थी तिथेच अडखळेल. ‘प्रवर्तित’ म्हटलं की गुंता सुटतो. गुजरातीत फोर्सला ‘बळ’ म्हणतात, त्यामुळे त्यांना ‘प्रेरण’ मोकळं होतं.

अर्थानेही ‘प्रवर्तन’ चपखल बसतं. प्रवर्तन म्हणजे चालू करणं, गती देणं. धर्मचक्रप्रवर्तनातलं तेच हे. १८३१ साली मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. दोन्ही एकमेकांना कुठेच जोडलेली नव्हती. पहिल्याला बॅटरी जोडली त्या क्षणी दुसऱ्याला जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा (वीजप्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाचा) काटा हलला आणि परत शून्यावर आला. बॅटरी काढताना पुन्हा हलला, या वेळी उलट बाजूला. मधल्या वेळात पहिल्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतच होता, तरी काटा स्वस्थ! वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तेवढाच वेळ दुसरीकडे वीज खेळते. नुसता चुंबक जवळ ठेवून काही होत नाही, हे मुलीला आवर्जून सांगा. परीक्षेत मुलं नेमकी इथे चुकतात.

महाराष्ट्रात वीजखातं ज्याला ‘रोहित्र’ म्हणतं आणि आपण इथे गुजरातेत सरळ ट्रान्सफॉर्मर म्हणतो, तो याच तत्त्वावर चालतो. स्वयंपाकघरातलं ‘इंडक्शन’ही तसंच: काचेखालच्या वेटोळ्यातली वीज सतत दिशा बदलते, वरच्या भांड्याच्या बुडात प्रवाह फिरू लागतात आणि बूडच तापतं. म्हणून तर बुडाला लोहचुंबक चिकटतो का, हे बघून भांडी घ्यायची. त्या शेगडीला मात्र ‘प्रवर्तन शेगडी’ म्हणू नका. बोलण्यात रुळलेला शब्द राहू द्यावा.

‘अर्धवाहक’ (सेमीकंडक्टर) या शब्दाबद्दलही ताईंनी विचारलंय. तो शब्द गुजराती-मराठीत एकच आहे, हिंदीत ‘अर्धचालक’. इथलं ‘अर्ध’ म्हणजे निम्मं नव्हे. सिलिकॉन तांब्याच्या निम्मी वीज वाहून नेत नाही, कितीतरी पटींनी कमी नेतो. पण काचेपेक्षा खूपच जास्त. शिवाय तापवला की तांब्याचा रोध वाढतो, शुद्ध सिलिकॉनचा मात्र घटतो. ‘अर्धवट’मधलं ‘अर्ध’ तरी आपण कुठे मोजून निम्मं धरतो?