सीटी नॉर्मल, मग इंजेक्शन कशाला?

प्रश्न : वडिलांचं (वजन ६० किलो) तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. दोन तासांत जळगावला नेलं. सीटी नॉर्मल, तरी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. हे बरोबर का? – एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : बरोबरच. लकवा मेंदूतली नस गुठळीने तुंबून होतो, नाहीतर फुटून. सुरुवातीचा सीटी मुख्यतः मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघायला असतो. ताजं रक्त लगेच पांढरं दिसतं. रक्त न पोचलेला भाग काळपट दिसायला मात्र कित्येक तास जातात. एमआरआयमध्ये तो लवकर दिसतो, पण त्यापायी इंजेक्शन अडवून ठेवत नाहीत.

अल्टेप्लेज (हेच ते गुठळी विरघळवणारं औषध) किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे वडिलांना ५४. त्यातलं ५.४ मिनिटभरात, बाकीचं तासभर पंपाने. आधी रक्तदाब १८५/११० च्या खाली हवा आणि साखर तपासलेली हवी, कारण साखर उतरली तरी हुबेहूब लकवाच वाटतो.

इंजेक्शनची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांची, आणि घोळ होतो तो इथेच. पेशंट झोपेतून लकवा घेऊनच उठला, तर वेळ रात्री धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. घरचे हमखास ‘उठल्यापासून’ सांगतात.

मोठी नस तुंबली असेल तर ती सीटी अँजिओग्राफीत (नसा दाखवणाऱ्या सीटीत) कळते. मग मांडीतून तार घालून गुठळी काढतात : ६ तासांत, निवडक पेशंटमध्ये २४ पर्यंत. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून निघतानाच फोन करून विचारा. वाटेत पाणी पाजू नका, आणि सीटीआधी अ‍ॅस्पिरिन तर नाहीच.