जपानी शिकतोयस ना, मग ब्रश धुवायला थांब

अरे,

तुझा मेसेज दोनदा वाचला. क्लासमधले बाकीचे सगळे पटापट उत्तरं देतात, तू एकटाच मागे पडलायस, त्यापेक्षा घरी बसून ॲपवर शिकलेलं काय वाईट, असं तुझं म्हणणं. मी रागावलेली वगैरे नाहीये, कारण पाचव्या क्लासनंतर मीपण हेच ठरवलं होतं. पण सोडायच्या आधी एवढं वाच. लांबलंय जरा, सवडीने वाच.

पहिलं मला सांग, वहीत शब्दांचे अर्थ तू कुठल्या भाषेत लिहितोस? इंग्रजीत ना? तिथेच तर घोळ आहे. मराठी घरात असताना तू इंग्रजीतून वळसा घालून जपानीकडे चाललायस, आणि मग लांब पडतं म्हणून दमतोयस. जपानी वाक्य आपल्या वाक्यासारखंच चालतं, क्रियापद शेवटी, आणि 'ला, चा, पासून' असलं जे काय आहे ते शब्दाच्या मागे चिकटतं. 'नो' म्हणजे चा-ची-चे, तेही लिंगाची भानगड नसलेलं, 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. इंग्रजीतून गेलास की प्रत्येक वाक्य आधी उलटं करायचं आणि मग परत सुलटं करायचं, कोणी सांगितलाय हा उद्योग.

हिरागानाचा, म्हणजे जपानीतल्या साध्या अक्षरांचा, तक्ता पाठ होत नाही म्हणालास, ४६ अक्षरं, सगळी सारखीच दिसतात. एकदा नुसता त्याचा क्रम मोठ्याने म्हण. आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. कानाला ओळखीचं लागतंय का? लागणारच, कारण हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या वळणावर बसवलेला आहे, बौद्ध भिक्षू तिकडे मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकायचे त्यांच्यामार्फत तो आला. आपल्या प-वर्गाच्या जागी तिथे 'हा' का बसलाय माहितीये? फार जुन्या जपानीत तो 'पा'च होता. म्हणून आजही 'हा'च्या डोक्यावर दोन बारीक रेघा दिल्या की 'बा' होतो आणि इवलंसं गोल काढलं की 'पा'. मला हे कळलं त्या रात्री मी तो तक्ता पाठ केला नाही, नुसता ओळखला.

उच्चारातही तुझ्याकडे भांडवल आहे. 'त्सु'वर लोक आठवडे घालवतात, तू 'चूल' म्हण, झालं, त्यातलाच तो च. 'झु' हवा असेल तर 'जुना' मधला जु. पण एका ठिकाणी आपण मराठी लोक सपशेल आपटतो, ते म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. आपण ते शुद्धलेखनापुरतं पाळतो, बोलताना पहिली आणि दुसरी वेलांटी सारखीच. तिथे तसं चालत नाही, 'ओजिसान' म्हणजे काका आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा, त्यामुळे वेलांटी चुकली की समोरचा माणूस एका फटक्यात म्हातारा. आणि प्रत्येक अक्षराला आपापला ठोका. मला एकदा ताप आला होता, पुढच्या क्लासला मोठ्या ऐटीत सांगितलं की मी हॉस्पिटलला गेले होते. 'ब्योइन'मधला 'ब्यो' एका दमात म्हणायचा, मी म्हटलं 'बि-योइन', म्हणजे ब्यूटी पार्लर. सेन्सेइ, म्हणजे आमच्या बाई, माझ्या केसांकडे बघून अगदी मनापासून म्हणाल्या, छान झालेत. मी थँक यू म्हणून खाली बसले. ॲपने फार तर लाल फुली दाखवली असती आणि मी ती विसरून गेले असते, पण ते केसांचं कौतुक जन्मात विसरणार नाही.

आता मुद्द्याचं. मी क्लास सोडला नाही तो एका मोरीमुळे. तेव्हा आमच्याकडे '-ते' रूपानंतर लागणाऱ्या क्रियापदांचा धडा चालला होता, '-ते ओकु', '-ते शिमाउ', '-ते मिरु', आणि पुस्तकात इंग्रजीत समजावलेलं, आधीपासून तयारी म्हणून करणे, पूर्णत्वाने आणि कधी खेदाने करणे, प्रयत्न म्हणून करणे. तीन आठवडे तो तक्ता घोकला, डोक्यात शून्य. त्या महिन्यात शोदोचं, म्हणजे ब्रशने सुलेखन करायचं वर्कशॉप होतं. संपल्यावर सगळे फोटो काढून पांगले, मी आपली उरले होते म्हणून सेन्सेइंबरोबर मोरीवर उभी राहिले. त्या एकेक ब्रश नळाखाली धरून बोटांनी केस हळूहळू दाबत होत्या, काळं पाणी निघत निघत करडं होईपर्यंत, मग टोक दोन बोटांनी ओढून परत निमुळतं करायचं आणि बाजूला आडवं ठेवायचं. मध्येच कोणीतरी हाक मारली, तशा हातातला ब्रश माझ्याकडे देत म्हणाल्या, "आरात्ते ओइते." आणि मला ते चक्क मराठीत ऐकू आलं. धुऊन ठेव! 'ओकु' म्हणजे ठेवणं, बस एवढंच. मग तिथेच उभ्या उभ्या बाकीचंही उलगडलं. 'मिरु' म्हणजे बघणं, तर 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, 'आगेरु' म्हणजे देणं, तर 'काइते आगेरु' म्हणजे लिहून देणं, 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणं, 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं. तीन आठवड्यांचा तक्ता एका ब्रशच्या धुण्यात संपला.

म्हणून सांगते, वर्कशॉप संपल्यावर पळू नकोस. आवराआवरीला ते 'आतोकाताझुके' म्हणतात आणि खरा क्लास तिथे असतो, कारण तिथे कोणी शिकवत नसतं. हे धर, ते उचल, खुर्ची तिकडे, सांभाळून, असली वाक्यं पुस्तकात तिसाव्या धड्यात येतील, इथे पहिल्या महिन्यात अंगाला लागतात. शेवटी सगळे एकमेकांना 'ओत्सुकारेसामा देशिता', म्हणजे 'दमलात हं, छान झालं', म्हणतात, ते तूही म्हण, पुटपुटू नकोस.

आणखी एक म्हणजे गप्प बसायची तुझी सवय. समोरचा बोलत असताना तू शहाण्यासारखा शांत ऐकतोस, आणि जपानी माणसाला वाटतं याला काही कळत नाहीये किंवा पटत नाहीये. मध्ये मध्ये 'हाइ' (हो), 'सो देसु ने' (हो ना) असं म्हणत राहायचं असतं, त्याला 'आइझुची' म्हणतात. शब्द लोहाराच्या भट्टीवरचा आहे, एकाने घाव घातला की समोरच्याने आपला हातोडा मारायचा, तो ताल. आपल्याकडे गोष्ट सांगताना हुंकार दे म्हणतात ना, तोच प्रकार. यातला 'हाइ' प्रत्येक वेळी होकार नसतो, नुसतं ऐकतोय असंही असतं, त्यामुळे कोणी हाइ म्हटलं की काम झालं असं समजून घरी जाऊ नकोस.

स्वतःच्या नावापुढे 'सान' लावू नकोस, तू लावलं होतंस, मेसेजमध्ये दिसलं. तो मान दुसऱ्याला द्यायचा. स्वतःची आई दुसऱ्यांपुढे 'हाहा', दुसऱ्याची आई 'ओकासान', आपलं माणूस बोलण्यात नेहमी एक पायरी खाली. दादा-ताई आणि धाकटी भावंडं यांना वेगळे शब्द आहेत, ते आपल्याला लगेच पटतं. माणसं मोजायचं पण तसंच, 'फुतारि' म्हणजे दोघं. बाकी मोजायचे प्रकार, लांबट वस्तूंचे वेगळे, चपट्यांचे वेगळे, ते हळूहळू येतील, त्यात आत्ता डोकं घालू नकोस.

परीक्षेचं विचारलंस. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, १९८४ मध्ये सुरू झाली, २०१० पासून तिच्या सगळ्यात सोप्या एन५पासून अवघड एन१पर्यंत अशा पाच लेव्हल आहेत. तुला एन५ला १८० पैकी ८० लागतील, पण ऐकण्याच्या ६० मध्ये किमान १९ हवेतच, नाहीतर बाकी कितीही मिळव, नापास. दे की, जरूर दे. फक्त लक्षात घे, तिथे बोलायचा एक शब्द नसतो, सगळं पर्यायांवर खुणा करायचं. वरच्या लेव्हलचं सर्टिफिकेट हातात घेऊन फोनवर ततपप करणारे मी पाहिलेत. बोलणं क्लासमध्येच होणार, तेही तू चुकलास तर. भराभर उत्तरं देणाऱ्यांचं सोड, त्यातल्या अर्ध्यांची ही दुसरी खेप असते, कधीतरी विचारून बघ. कांजी, म्हणजे चीनमधून आलेली चिन्हं, २१३६ आहेत रोजच्या वापरातल्या सरकारी यादीत, त्यांना आत्तापासून घाबरून ठेवायची काही गरज नाही.

पुढच्या वर्कशॉपला शोदो आहे म्हणालास ना. तिथे अक्षर सुंदर काढायच्या मागे लागू नकोस, रेघ संपते कशी तेवढं बघ. दाबून थांबायचं ते 'तोमे', झटकन उडवायचं ते 'हाने', हळूहळू उचलत विरवायचं ते 'हाराइ'. सेन्सेइ तुझा हात धरून एकदा काढून देतील, त्या वेळी मनगट सैल सोड, आपण घट्ट धरतो आणि मग रेघ थरथरते. आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नकोस. सुमीच्या शाईचा डाग जात नाही, माझा एक ड्रेस अजून तसाच पडलाय.

तुझी,
ताई